ओलं फडकं

फुकेत,
२० नोव्हेंबर २००५

ती. आईंना,
सप्रेम जयभीम.

ई-मेल छापून आणायचा तर खालच्या सायबर कॅफेतल्या पोराची मनधरणी करावी लागते, त्यापेक्षा पत्र लिहा, असं तुम्ही निघताना बजावलंत. म्हणून हे पत्र. हिंजवडीत की-बोर्ड बडवून बडवून माझं अक्षर पार बिघडलंय. मुख्याध्यापिकाबाईंनी लाल पेन्सिल घेऊनच वाचायला बसावं.

बोटीवर राहायला येऊन आता महिना होत आला. आपला वारज्याचा हॉल आणि स्वयंपाकघर सलग धरलं तर तेवढी लांब बोट, मधोमध डोलकाठी. खाली दोन झोपायच्या खोल्या, एक ओटा आणि वळायचं असेल तर बाहेर येऊन वळावं लागतं असा संडास. सिंगापूरला कंपनीच्या कामावर असताना अभय सुट्टीच्या दिवशी शिडाची बोट चालवायला शिकला, तेव्हापासून डोक्यात घेतलेलं हे खूळ. आता ते आम्हा तिघांना घेऊन पाण्यावर तरंगतंय.

गेल्या वर्षीच्या त्या त्सुनामीच्या लाटेचं तुम्ही विचारालच. किनाऱ्यावर पडकी हॉटेलं अजून दिसतात. खोल पाण्यात तशी लाट बोटीखालून गेली तरी कळत नाही, असं अभय म्हणतो. मी विश्वास ठेवलाय, तुम्हीही ठेवा.

चैताली बरी आहे. तिला उलट्या झाल्या नाहीत, मला झाल्या. झोपताना मात्र तिला तुम्ही शिवलेली गोधडी लागते, कारण तिला ‘आईचा वास’ येतो. आई म्हणजे तुम्ही. परवा मी तिला म्हटलं, अगं, मीही आईच आहे की. तर म्हणाली, ‘नाही, तू शेफाली आहेस.’ यात तिची काही चूक नाही. अभय तुम्हाला आई म्हणतो, मी आई म्हणते आणि तुम्ही मला शेफाली म्हणता. आठ वर्षांची झाली तरी तिनं ते बदललं नाही. सकाळी ती उठायच्या आत माझी कंपनीची बस यायची, रात्री ती झोपल्यावर मी घरात यायचे. मग तिनं मला दुसरं काय म्हणावं?

शाळेचं हे एक वर्ष मी तेवढ्यासाठी मागून घेतलंय, आई. ठरल्याप्रमाणे जूनमध्ये ती तुमच्याकडे, शाळेत. पुढचं पत्र पोर्ट ब्लेअरच्या बंदर कचेरीच्या पत्त्यावर पाठवा, ते ठेवून घेतात.

आपली,
शेफाली

ता. क. आई, तू पण ये. — अभय


वारजे, पुणे,
८ डिसेंबर २००५

चि. शेफालीस,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. लाल पेन्सिल वापरली नाही, तेवढी शिल्लक उरली नसती.

इकडे सगळं ठीक. घर फार स्वच्छ राहतं. कुणी काही सांडत नाही, भिंतीवर काही काढत नाही. दोन्ही बेडरूमना कड्या घातल्या आहेत आणि मी हॉलमध्ये झोपते. केर काढायला सोपं जातं.

दीनानाथ सरांनी चैतालीची तिसरीची जागा जूनपर्यंत राखून ठेवली आहे. शाळा उघडल्यावर थांबणार नाहीत. दर महिन्याला मी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसते, त्यामुळे जागेचा त्यांना विसर पडत नाही आणि माझाही.

बाकी तुझ्या तक्रारीबद्दल. मूल ज्याच्या हातचं जेवतं, त्याला आई म्हणतं. तक्रार करायची तर त्या कंपनीच्या बसकडे कर. मी तिला काही शिकवलं नाही आणि कुणाची जागा घ्यायला गेले नाही. जागा रिकामी होती, मूल रडत होतं.

रोज सकाळी तिच्याकडून पंचशील म्हणून घे. विहारातल्या रविवारच्या वर्गात तिच्याइतकं स्पष्ट कुणी म्हणत नाही. समुद्रावर गेली म्हणून खंड पडायला नको.

अभयला म्हणावं, बुडायचंच असेल तर मला मुठा जवळ आहे.

आई


पोर्ट ब्लेअर,
११ जानेवारी २००६

ती. आईंना,
सप्रेम जयभीम.

पंचशीलात खंड पडला नाही. पडला असता तर बरं झालं असतं, असं आज वाटतंय.

फुकेतहून निघाल्यावर दुसऱ्या दिवशी अभयनं बोटीमागे गळ सोडला. लांब दोर, टोकाला चकाकणारी रबरी मासोळी. आमच्याकडे फ्रीज नावाला आहे. भाजी चार दिवसांत मान टाकते, मग डाळ, तांदूळ आणि डबाबंद छोले. ताजं म्हणून खायला मिळालं तर मासाच. दुपारी दोर ताणला आणि अभयनं हातभर कुपा वर ओढला. आम्ही दोघं लहान मुलांसारखे नाचलो. मग तो मासा बोटीवर तडफडायला लागला, आणि त्याला मारायचा कसा हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. अभयनं शीड ओढायचा लोखंडी दांडा घेतला. पहिला घाव चुकला, दुसरा चुकला, मासा हातातून निसटून चैतालीच्या पायाशी गेला. तिचा फ्रॉक रक्तानं भरला.

ती ओरडली नाही. ताठ उभी राहून मोठ्यानं ‘पाणातिपाता वेरमणी’ म्हणायला लागली. जीव घेऊ नये ही पंचशीलातली तेवढी एकच ओळ, मासा थांबेपर्यंत. मग म्हणाली, ‘आईनं असं करू दिलं नसतं.’

तेव्हापासून ती बाबाशी बोलत नाही. मासा तर नाहीच, तो शिजला त्या भांड्यातला भातही खात नाही. वाळलीय. तुम्ही रागवाल, पण लिहिते: आम्ही या बोटीवर तिघं नाही, चौघं आहोत. प्रत्येक गोष्टीत ‘आई म्हणते’. मी समोर असते आणि ती पुण्याला विचारून चालते.

काल तिनंच मला विचारलं, ‘आई बांगडा खाते ना? मग तो कोण मारतं?’ म्हटलं, तुझ्या आईलाच विचार. तिनं विचारायला सांगितलंय. आता तुम्हीच सांगा. पुढचा मुक्काम श्रीलंकेत, गॉल बंदरात. पत्ता मागे लिहिलाय.

शेफाली


वारजे, पुणे,
५ फेब्रुवारी २००६

चि. शेफालीस,
जयभीम.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मी एक चांगलं खरमरीत उत्तर लिहिलं. त्यात ‘दोन इंजिनिअर आणि एक मासा’ असं एक वाक्य होतं, ते मला फार आवडलं होतं. मग कागद फाडला, कारण पोरीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं. इतकी वर्षं शाळा चालवली, तपासनिसांना तोंड दिलं, असं कधी अडले नव्हते.

म्हणून दोन बस बदलून खडकी बाजारात गेले, मैनाकडे. आपण तिथल्या क्वार्टर्समध्ये राहत होतो तेव्हापासून मासळी तिच्याकडचीच, तुला माहीत आहे. तिच्या टोपात मरळ जिवंत असते. मी नेहमी सांगायची, ही दे, आणि पाठ फिरवून समोरच्या भांड्यांच्या दुकानाकडे बघत उभी राहायची. पिशवी हातात आली की वळायची. या वेळी म्हटलं, मैना, आज मी बघणार आहे.

ती म्हणाली, “बाई, एवढी वर्सं तुमची पाठच बघितली म्या. आज काय झालं?”

म्हटलं, नातीनं प्रश्न विचारलाय.

मग तिनं मरळ बाहेर काढली. तडफडायला लागल्यावर तिच्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकलं. मासा निपचित पडला. मैना म्हणाली, “डोळं झाकलं की गप ऱ्हातंय. मग डोक्यावर एकच घाव. त्याला तळमळत ठिवू नये, आपल्यालाबी गोड लागत न्हाई.” आणि एकच घाव घातला. मी पाहिलं. घरी आणून शिजवली आणि खाल्लीही. रोजच्यासारखी लागली नाही.

सोबत चैतालीचं पत्र वेगळं घातलं आहे. तिला देण्याआधी तू वाच. शेवटचं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, तेव्हा त्यावर पत्रात काही लिहून पाठवू नकोस.

आई

*

चि. चैताली,

तुझा प्रश्न बरोबर आहे. बांगडा बाजारात मेलेलाच येतो, पण जिवंत मरळ मैनामावशी मारतात आणि मी तोंड फिरवते. म्हणजे मारतो दोघीही, बघते ती एकटीच. हे मला तुझ्यामुळे कळलं.

आता तू विचारशील, मग पंचशील कशाला म्हणायचं? नीट आठव. आपण ‘मी कधीच चुकणार नाही’ असं म्हणत नाही. ‘हे शिकायचा नियम घेते’ असं म्हणतो. म्हणून रोज म्हणायचं असतं, एकदा म्हणून संपत नाही. या धड्यात मी अजून तिसरीतच आहे. तुझा बाबा तर बालवाडीत. त्याला शिकव, त्याच्याशी अबोला धरू नकोस.

मासा खायचा की नाही ते तू ठरव. आजी रागावेल म्हणून खाऊ नकोस आणि आजी रागावेल म्हणून सोडूही नकोस. पण खाणार असशील तर तोंड फिरवायचं नाही. त्याचे डोळे ओल्या फडक्यानं झाकायचे, त्याला त्रास होऊ द्यायचा नाही आणि पोटापुरता एकच घ्यायचा.

आणखी एक. तू मला आई म्हणतेस ते बाबाचं ऐकून. मी त्याची आई आहे. तुझी आई तिकडे तुझ्याजवळ आहे, तिला हाक मार.

तुझी आजी


गॉल, श्रीलंका,
१२ मार्च २००६

ती. आईंना,
सप्रेम जयभीम.

तुम्ही लिहू नका म्हणालात म्हणून त्या वाक्याबद्दल मी काही लिहीत नाही. फक्त जे घडलं ते सांगते.

चैतालीनं पत्र तीनदा वाचलं. मग कात्री मागितली आणि गोधडीच्या कोपऱ्यातून तुमच्या निळ्या काठाच्या साडीचा तुकडा कापून घेतला. माझा जीव कळवळला. त्या दिवशी ती बाबाशी बोलली. पहिलं वाक्य होतं, ‘आजी म्हणते तू बालवाडीत आहेस.’ अभयला हसावं की रडावं कळेना, त्यानं दोन्ही केलं.

परवा आम्ही गळ टाकायला म्हणून बंदराबाहेर गेलो. चैतालीची परवानगी होती. मी सुकाणूवर, अभय दोरापाशी, ती बादली आणि फडकं घेऊन तयार. बऱ्याच वेळानं एक सुरमई लागली. अभयनं ती वर घेतली, चैतालीनं फडकं तिच्या डोळ्यांवर दाबलं, आणि मासा खरंच शांत झाला. ऊन कडक होतं, फडकं लगेच सुकायला लागलं. तिचे दोन्ही हात अडकलेले. ती ओरडली, ‘आई, पाणी घाल.’

आई, मी सवयीनं मागे वळून बघितलं, तुम्ही कुठे आहात म्हणून.

मग कळलं. सुकाणू सोडून धावले, बोट भलतीकडे वळली, शीड फडफडलं, अभय ओरडला. मी बादली ओतली, तिच्या हातांवर, फडक्यावर आणि स्वतःच्या पायांवर. मग अभयनं एकच घाव घातला. चैताली रडली. रडत रडत म्हणाली, ‘बाबा, दोर गुंडाळ, आज एक पुरे.’ संध्याकाळी दोन तुकडे खाल्ले. बसून, समोर बघून.

आता माझं. तुम्ही मैनामावशींसमोर तोंड फिरवलं नाहीत, तर मीही फिरवू नये. आम्ही तुमच्यापासून एक गोष्ट लपवली होती. पावसाळ्यात बोट कोचीच्या खाडीत बांधून ठेवायची आणि ऑक्टोबरमध्ये लक्षद्वीप, मालदीव असं आणखी वर्षभर फिरायचं, हे आमचं केव्हाच ठरलं होतं. चैतालीला शाळेत पाठवायचंच नाही, असंही. कोचीला पोचल्यावर सांगू, म्हणजे तुम्हाला काही करता येणार नाही, असा आमचा हिशोब होता. लिहिताना लाज वाटतेय.

ते मी रद्द करतेय. जूनमध्ये चैताली तुमच्याकडे येईल, दिलेला शब्द पाळणार. हाक तुम्ही मला दिलीत. हाकही ठेवून घ्यायची आणि मुलगीही, हे मला जमणार नाही. तिच्याशिवाय मी या बोटीवर काय करणार ते मला माहीत नाही, पण तो प्रश्न माझा.

कोचीच्या पत्त्यावर लिहा.

आपली,
शेफाली


कोची,
२२ एप्रिल २००६

ती. आईंना,
सप्रेम जयभीम.

आम्ही इथे सुखरूप पोचलो, पण तुमचं पत्र नाही. रोज बंदर कचेरीत जाऊन विचारते. फोन केला तर तुम्ही ‘बरी आहे, लिहिते’ एवढं म्हणून ठेवून देता. फार रागावलात का? रागावला असाल तर तसं लिहा, गप्प राहू नका. तुमचं गप्प राहणं मला सासरेबुवा गेले तेव्हापासून माहीत आहे.

शेजारच्या सोनालीला फोन केला. ती म्हणते, आजी रोज सकाळी पिशवी घेऊन कुठेतरी जातात आणि येतात तेव्हा केस ओले असतात. कुठे जाता विचारलं तर ‘तुला काय करायचंय’ म्हणतात. मला काही कळेना. डॉक्टरकडे जाता का? पाण्याचे उपचार वगैरे काही सांगितलेत का? खरं सांगा.

चैतालीची बॅग भरायला घेतली आहे. फडकं तिनं सगळ्यात वर ठेवलंय.

शेफाली


वारजे, पुणे,
७ मे २००६

चि. शेफालीस,
सप्रेम जयभीम.

सोनालीला माझ्या केसांकडे बघायला सवड आहे, कॉलेजच्या पुस्तकांकडे नाही. डॉक्टरकडे जात नाही. महापालिकेच्या तलावावर बायकांसाठी सकाळची पोहण्याची बॅच असते, तिथे जाते. माझ्या बॅचला सगळ्या तरण्या मुली आणि मी. पहिला आठवडा नाकातोंडात पाणी जाण्यात गेला. शिकवणारी मुलगी म्हणाली, “आजी, घाबरू नका.” म्हटलं, घाबरत नाहीये, जीव जातोय. आता कडेकडेनं तलावाची रुंदी पार करते. मध्ये एकदा काठ धरावा लागतो, पण ते तू अभयला सांगू नकोस.

तुझ्या गॉलच्या पत्राचं उत्तर लांबलं, कारण काय लिहायचं हे आधी ठरायला हवं होतं. राग आला होता. लपवल्याचा आला, आणि सांगितल्याचा त्याहून जास्त, कारण सांगितल्यावर रागावता येत नाही. पत्र हातात धरून चैतालीच्या खोलीची कडी काढली आणि आत जाऊन बसले. पोर येणार, माझीच होऊन राहणार, पुन्हा भिंतीवर काहीतरी काढणार. मला हवं होतं तेच तू देत होतीस. आणि मला सारखी ती सुकाणू सोडून धावलेली बाई दिसत होती. म्हणजे मी तिचं मूल घेऊन येणार आणि इकडे तोंड फिरवून भांड्यांच्या दुकानाकडे बघत राहणार. ते आता मला जमत नाही. मैनाकडे जाऊन हीच एक खोड लागली.

काल दीनानाथ सरांकडे गेले आणि जागा सोडली. ते म्हणाले, “बाई, तुम्ही शिक्षिका असून असं करता? मुलगी वाया जाईल.” म्हटलं, सर, वाया गेलेली मुलं मी वर्गात बसलेलीच पाहिली आहेत. तिसरीचा आणि चौथीचा अभ्यास मी घेईन, परीक्षेला बाहेरून बसवू. त्यांनी चहा मागवला. जाताना म्हणाले, बाई, बोट लागते का हो कुणाला? त्यांनाही घरात कंटाळा येत असावा.

तेव्हा आता नीट ऐक. समुद्र खवळलेला असताना तुमची बोट बांधलेलीच राहणार. भिक्खूही पावसाळ्यात एका जागी राहतात, फिरत नाहीत. तुम्हीही तिघं इकडे या आणि वर्षावास वारज्यात करा. बॅग चैतालीची एकटीची भरू नकोस, तिघांची भर. बेडरूमच्या कड्या काढल्या आहेत, गाद्यांना ऊन दाखवलं आहे. विहारात संध्याकाळचं ग्रंथवाचन असतं, त्यात अभयनं वाचायचं. त्याचा आवाज चांगला आहे, वापरत नाही. तू सकाळी चैतालीला उठवायचं, जेवायला घालायचं, मी शाळेचा अभ्यास घेताना तिच्याशेजारी बसायचं. मी स्वयंपाक करीन आणि तुम्हा दोघींना नावं ठेवीन.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला की तुम्ही निघा. आणि मी तुमच्याबरोबर येते. कायमची नाही, भिऊ नकोस. मला जमेल तेवढे दिवस. झोपायला कोपरा पुरे, मला हॉलमध्ये झोपायची सवय आहे. त्या संडासात वळायचं कसं ते आल्यावर बघू.

चैतालीला सांग, गोधडीचा फाटका कोपरा मी शिवून देईन. पण तो तुकडा परत लावणार नाही, तो बोटीवर लागेल. गळ मी टाकणार नाही आणि घावही घालणार नाही, तेवढं माझ्याच्यानं व्हायचं नाही. तू सुकाणूवर बस, ते सोडून धावू नकोस. फडकं मी धरीन.

तुझी आई,
आणि चैतालीची आजी